गोवर्धनच्या ठेवी आणि आभीरांचे नाव

इ.स. २५८च्या सुमारास, ऐन उन्हाळ्यात, विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने गोवर्धनच्या कारागिरांकडे रक्कम ठेवली. कुलरिकांच्या, म्हणजे बहुधा कुंभारांच्या, श्रेणीकडे एक हजार कार्षापण आणि ओदयंत्रिकांच्या श्रेणीकडे दोन हजार. ओदयंत्रिक म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे. ती यंत्रे रहाटाची की घटिकेची, यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. तिळाचे तेल गाळणाऱ्या तेल्यांकडेही काही रक्कम गेली. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढे वापरायचे. अशा ठेवीला त्या काळी अक्षयनीवी म्हणत. व्याजाचा विनियोगही ठरवून दिलेला होता: त्रिरश्मी डोंगरावरच्या विहारात चारी दिशांनी येणाऱ्या भिक्षूंपैकी जे आजारी पडतील त्यांच्या औषधपाण्यासाठी. आज ज्याला आपण वैद्यकीय मदत निधी म्हणू, तो साडेसतराशे वर्षांपूर्वी नाशिकच्या कुंभार-तेल्यांच्या भरवशावर उभा राहिला होता. ठेव ‘आज असलेल्या आणि पुढे होणाऱ्या’ श्रेणींकडे ठेवल्याचे लेख सांगतो. म्हणजे कारागिरांच्या पुढच्या पिढ्याही त्यात बांधल्या गेल्या.

त्रिरश्मी म्हणजे मुंबई रस्त्यावरचा पांडवलेण्यांचा डोंगर. बौद्धांच्या लेण्यांवर पांडवांचे नाव कोणी आणि केव्हा चिकटवले कोण जाणे, पण लेण्यांतला एकही शिलालेख ती पांडवांची असल्याचे सांगत नाही. आणि गोवर्धन? अशोक स्तंभाकडून गंगापूर रोडला लागावे, आनंदवल्ली मागे टाकावी, सोमेश्वरचा धबधबा उजव्या हाताला ठेवावा आणि गंगापूर धरणाच्या दिशेने जात राहावे. शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर गंगापूर-गोवर्धन लागते. शिलालेखांतला ‘गोवर्धन आहार’, म्हणजे गोवर्धन जिल्हा, ज्याच्या नावाने चालत होता ते ठाणे हेच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नाशिकचे नाव लेण्यांत येते, पण जिल्ह्याचा अधिकारी बसे तो गोवर्धनला. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानेही विष्णुदत्तेच्या सव्वाशे-दीडशे वर्षे आधी गोवर्धनच्याच कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले होते आणि व्याजाचा दर शेकडा किती तेही दगडावर कोरून घेतले होते. आजच्या गंगापूर रोडवर बँकांच्या शाखा एकीला लागून एक आहेत. त्या रस्त्याच्या टोकाशी ठेवी ठेवण्याची रीत बरीच जुनी आहे.

पण विष्णुदत्तेचा लेख इतिहासाच्या अभ्यासकांनी जिवापाड जपला तो ठेवींसाठी नाही. तो लेख सुरू होतो तारखेने, आणि त्या काळी तारीख म्हणजे राजाचे नाव. लेख सांगतो की हे दान राजा माढरीपुत्र ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी, ग्रीष्माच्या चौथ्या पंधरवड्याच्या तेराव्या दिवशी झाले. हा ईश्वरसेन कोण? लेखाच्या शब्दांत सांगायचे तर आभीर, आणि आभीर शिवदत्ताचा मुलगा. एका दमात दोनदा ‘आभीर’.

हे दोनदा येणे साधे नाही. ते का, हे कळायला त्या नावाचा आधीचा प्रवास पाहावा लागतो.

ईश्वरसेनाच्या चारशे वर्षे आधी व्याकरणकार पतंजलीला एक बारीकशी शंका पडली होती. ‘शूद्र’ आणि ‘आभीर’ हे शब्द जोडून येतात तेव्हा आभीर हा शूद्रांचाच एक पोटप्रकार मानायचा की काय? महाभाष्यात त्याने उत्तर दिले: नाही, आभीर ही वेगळी जात. व्याकरणाच्या ग्रंथात हा शब्द येतो तो असा, कोणत्या खणात टाकायचा याच्या वादातून. मनुस्मृतीने तो खण ठरवून टाकला. ब्राह्मण पुरुष आणि अंबष्ठ स्त्री यांच्या पोटी आभीर जन्मतो, असे तिचे म्हणणे. एक अख्खा समाज एका विवाहातून निपजला असे सांगणे हे स्मृतिकारांचे नेहमीचे कसब. जे लोक चौकटीत बसत नाहीत त्यांना संकराच्या कोष्टकात बसवायचे. महाभारताचा सूर तर याहून कडवट आहे. शल्यपर्वात सरस्वती नदी विनशन येथे गुप्त झाली ती शूद्र आणि आभीर यांच्या द्वेषापोटी, असे सांगितले आहे. मौसलपर्वात, यादवकुळाचा संहार झाल्यावर अर्जुन द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन पंचनद प्रदेशातून जात असताना काठ्या घेतलेले आभीर त्याच्यावर तुटून पडतात, स्त्रिया पळवतात, आणि गांडीव असूनही अर्जुनाचे काही चालत नाही.

पाहण्यासारखे आहे ते हे की या सगळ्या ठिकाणी आभीर बोलत नाहीत. त्यांच्याविषयी बोलले जाते. ते दस्यू, ते गुराखी, ते सरस्वतीच्या काठचे नको असलेले शेजारी.

परक्यांच्या कागदांतही ते असेच लांबून दिसतात. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. त्यात सौराष्ट्राच्या किनाऱ्याच्या आतल्या अंगाला, शकस्थानाला लागून, ‘आबेरिया’ आहे. पुढे टॉलेमीच्या भूगोलातही ‘आबिरिया’ आहे. ग्रीकांना नाव कळले ते बंदरावरच्या दलालांकडून, आणि दलालांना ते लोक जसे दिसले तसे.

नावाच्या अर्थाचीही तीच गत. संस्कृत पंडितांनी ‘अभीर’ म्हणजे निर्भय, किंवा ज्याची सगळीकडून भीती वाटते तो, अशा व्युत्पत्ती सांगितल्या. कोणी त्याचे नाते द्राविडी भाषांतल्या गवळ्यांच्या नावांशी जोडले, तर कोणी थेट बायबलमधल्या सोन्याच्या ओफिर देशाशी. निर्भय वगैरे अर्थ नाव रूढ झाल्यावर मागाहून बेतलेले दिसतात. एखाद्या शब्दाचे मूळ सापडत नसले की संस्कृतचा धातू हाताशी असतोच. खात्रीने सांगता येते ते पुढचे रूपांतर. ‘गभीर’चे प्राकृतातून ‘गहिरा’ झाले त्याच वाटेने ‘आभीर’चे ‘आहीर’ आणि मग ‘अहिर’ झाले. त्या वळणावर कोणाची फारशी हरकत नाही.

इथे युरोपच्या वायव्य टोकाकडे एक नजर टाकायला हवी, कारण तिथे जवळजवळ याच काळात असेच एक नाव जन्माला येत होते. आजच्या स्कॉटलंडच्या उत्तर भागात राहणाऱ्या लोकांना रोमन लोक ‘पिक्ती’ म्हणू लागले. हा शब्द पहिल्यांदा सापडतो तो इ.स. २९७च्या एका स्तुतिपर भाषणात, म्हणजे ईश्वरसेनाच्या लेखानंतर चाळीसेक वर्षांनी. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ रंगवलेले, गोंदलेले. सैनिकांनी सीमेपलीकडच्या शत्रूला ठेवलेले हे टोपणनाव असावे, असा एक तर्क आहे. एखाद्या स्थानिक नावाला रोमनांनी आपल्या भाषेचा अर्थ चढवला, असा दुसरा. आयर्लंडचे लोक त्यांनाच ‘क्रुथ्नी’ म्हणत. पिक्तांनी सुंदर चिन्हांकित शिळा उभारल्या, त्यांवर बैल, मासे, अर्धचंद्र कोरले, थोडे ओघम लिपीतले लेखही ठेवले; पण ते स्वतःला काय म्हणवत हे त्यांच्या स्वतःच्या लेखणीतून आपल्यापर्यंत पोचलेले नाही. आठव्या शतकात बीड नावाच्या इंग्लिश भिक्षूने त्यांचे मूळ सांगताना ते सिथियातून, म्हणजे शकांच्या देशातून, जहाजाने आले असे लिहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडच्या काही विद्वानांनी आभीरांनाही वायव्येकडून, शकांच्या मागोमाग आलेले मानले. मूळ न सापडणाऱ्या माणसांना सिथियाला नेऊन पोचवण्याची सवय दोन्हीकडची!

फरक आहे तो नाशिकला. पिक्तांचे नाव सगळे बाहेरच्यांच्या तोंडचे. आभीरांचेही बराच काळ तसेच. पण तिसऱ्या शतकाच्या मध्यावर एका राजाने तेच नाव, ज्या नावाने स्मृतिकार नाक मुरडत होते तेच, आपल्या राजपदाला आणि आपल्या बापाच्या नावाला जोडून घेतले.

याची चाहूल गुजरातेत आधीच लागली होती. सौराष्ट्रातल्या गुंडा येथे इ.स. १८१चा, क्षत्रप रुद्रसिंहाच्या काळातला एक लेख आहे. रसोपद्र नावाच्या गावी विहीर खोदून घेणारा सेनापती रुद्रभूती हा त्यात स्वतःला आभीर म्हणवतो. त्याचा बाप बापक हाही सेनापती. म्हणजे पश्चिम क्षत्रपांच्या पदरी दोन पिढ्या सेनापतिपद आभीरांच्या घरात होते. गुरे राखणारे लोक सैन्यात शिरले, सैन्यातून सेनापतिपदावर गेले, आणि सातवाहनांची सत्ता खिळखिळी झाली तेव्हा एका शाखेने गोदावरीच्या उगमाकडचा मुलूख ताब्यात घेतला, असा अंदाज बांधता येतो. रुद्रभूती आणि शिवदत्त यांचे काही नाते होते का, ते सांगणारा लेख नाही.

सातवाहनांची जागा घेणाऱ्या माणसाने सातवाहनांची एक रीत मात्र उचलली. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी, तसाच हा माढरीपुत्र ईश्वरसेन. आईच्या गोत्रावरून नाव सांगणे ही त्या दरबाराची प्रतिष्ठेची पद्धत होती. बापाला लेखात ‘राजा’ म्हटलेले नाही, म्हणजे घराण्यातला पहिला राजा हाच. नव्या राजाने जुन्या राजांची पगडी घातली, पण पगडीखालचे नाव बदलले नाही. मला या लेखातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती ही.

शेजारीच तुलनेला सातवाहन आहेत. त्याच डोंगरावरच्या एका लहान, जुन्या लेण्यात कण्ह राजाचा उल्लेख येतो तो ‘सातवाहन कुळातला’ असा. बलश्रीने कोरवलेल्या प्रशस्तीत तिचा मुलगा गौतमीपुत्र शक, यवन आणि पहलव यांचा संहार करणारा आणि सातवाहन कुळाचे यश पुन्हा उभे करणारा आहे. पुराणांत मात्र हे घराणे ‘आंध्र’ आहे. नाशिकच्या एकाही लेखात सातवाहन राजा स्वतःला आंध्र म्हणवत नाही. पुराणकारांनी एक नाव दिले, राजांनी दुसरे वापरले, आणि आपली पाठ्यपुस्तके दोन्ही नावे जोडून ‘आंध्र-सातवाहन’ करून मोकळी झाली. आभीरांच्या बाबतीत पुराणे आणि शिलालेख यांचे नाव एकच निघते. आंध्रांनंतर दहा आभीर राजे झाले आणि त्यांनी ६७ वर्षे राज्य केले, असे पुराणांच्या वंशावळींत येते. भागवतात दहाचे सात होतात.

नाव बदलणे म्हणजे काय असते याचा याच जिल्ह्यातला ढळढळीत नमुना १९०६ साली जोगळटेंभीला सापडला. मातीच्या भांड्यात नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी निघाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. नहपानाचा चेहरा आणि त्यावर उमटवलेला चैत्य, एकाच नाण्यावर दोन राजे. ईश्वरसेनाला असे काही करावे लागल्याचा पुरावा नाही. त्याचे स्वतःचे नाणेही निर्विवादपणे ओळखता आलेले नाही. त्याचे नाव आपल्याला कळते ते एका बाईच्या दानपत्रातून.

आणि ती बाईही कोण? विष्णुदत्ता आपली ओळख शकनिका म्हणून देते. बाप शक अग्निवर्मन, नवरा गणपक रेभिल, मुलगा गणपक विश्ववर्मन. गणपक ही कसलीशी अधिकाराची पदवी असावी. म्हणजे आभीर राजाच्या राज्यात, शक कुळातली बाई, वैदिक देवांची नावे धारण केलेल्या घरातून, बौद्ध भिक्षूंच्या औषधासाठी, गोवर्धनच्या कुंभार-तेल्यांकडे पैसे ठेवते. लेखाची भाषाही अशीच सरमिसळीची: संस्कृत वळणाची, पण जागोजागी प्राकृतात घसरणारी. दहाव्या लेण्याच्या अंगणातल्या भिंतीवर तो आहे. मधली काही अक्षरे झिजली आहेत, त्यामुळे सगळ्या श्रेणींची नावे आणि रकमा पुऱ्या लागत नाहीत. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजी यांनी नाशिकच्या लेखांवर मेहनत घेतली, पुढे सेनार या फ्रेंच पंडिताने ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात त्यांचे संपादन केले. विष्णुदत्तेने तारखेत राजाची जात सांगितली ती स्वतःच्या मनाने सांगितली असेल का? तारखेचा मायना दरबारी असतो, त्यात राजाला न रुचणारे बिरुद प्रजाजन कोरत नाहीत. आभीर म्हणवून घेणे ईश्वरसेनाला चालत होते, बहुधा आवडत होते.

इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी या लेखाला आणखी मोठे वजन दिले. कलचुरी-चेदी संवत म्हणून ओळखली जाणारी कालगणना इ.स. २४८-४९च्या आसपास सुरू होते, पण कलचुरी राजे तर कितीतरी नंतरचे. मग ती सुरू केली कोणी? मिराशींचे उत्तर होते, आभीर ईश्वरसेनाने. त्यांनी १९५५मध्ये या संवताच्या लेखांचा जो भलाथोरला खंड प्रसिद्ध केला, त्याचा आरंभच नाशिकच्या या लेखाने होतो. सगळ्यांना हे मान्य झाले असे नाही. लेखातले नववे वर्ष हे राजाच्या कारकिर्दीचे. तेच पुढे संवत झाले की संवताचा जनक दुसरा कोणी, यावर मतभेद आहेत. तरी एक गोष्ट मिराशींच्या बाजूने जाते: हा संवत सुरुवातीला चालला तो नेमका याच पट्ट्यात. इंद्रदत्त, दह्रसेन, व्याघ्रसेन हे त्रैकूटक राजे उत्तर कोकणात आणि दक्षिण गुजरातेत तो वापरत, त्यांची नाणी नाशिक जिल्ह्यातही मिळाली. अंजनेरीला सापडलेल्या भोगशक्तीच्या ताम्रपटांवर संवत ४६१ आहे, म्हणजे इ.स. ७१०-११. चालुक्यांचा हा मांडलिक चालुक्यांचा शक सोडून चारशे साठ वर्षे जुनी स्थानिक गणना वापरतो. राज्य गेले, नाव विसरले, वर्षे मात्र मोजली जात राहिली. पुढे हीच गणना जबलपूरकडच्या कलचुरींनी शतकानुशतके चालवली आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाऊ लागली.

ईश्वरसेनानंतरचे आभीर पुन्हा इतरांच्या यादीत जाऊन बसतात. आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याला आभीर वासिष्ठीपुत्र वसुषेणाच्या तिसाव्या वर्षाचा, अष्टभुजस्वामींच्या मूर्तीची स्थापना सांगणारा लेख आहे. हे तिसावे वर्ष त्याच गणनेतले धरले तर साल इ.स. २७८च्या आसपास येते. गोदावरीच्या उगमापासून कृष्णेच्या खोऱ्यापर्यंत त्या नावाची मजल गेली होती ती अशी. चौथ्या शतकात समुद्रगुप्ताच्या प्रयागच्या स्तंभावर आभीर आहेत ते मालव, यौधेय, मद्रक यांच्या ओळीत, खंडणी देणाऱ्यांमध्ये. अमरकोशात तर ते थेट गोप, गोपाल यांचे समानार्थी होऊन बसले, आणि त्यांच्या वस्तीला ‘घोष’ हा शब्द मिळाला. राजाचे नाव दोन-अडीचशे वर्षांत पुन्हा गोठ्यात परतले.

एवढ्यावर संपले असते तर आभीर हा इतिहासाच्या तळटीपेचा विषय राहिला असता. पण नाव भाषेत शिरले होते. नाट्यशास्त्रात नाटकातल्या पात्रांच्या बोलींची जी यादी आहे तिच्यात आभीरांची बोली आहे. सातव्या शतकाच्या सुमारास दंडीने काव्यातल्या भाषांची वाटणी करताना आभीर आदी लोकांच्या वाणीला अपभ्रंश म्हटले. म्हणजे ज्या अपभ्रंशातून पुढे मराठी-गुजराती-हिंदी फुटल्या, त्याच्या व्याख्येतच आभीर बसलेले आहेत. ज्यांना पतंजलीच्या काळात कोणत्या खणात टाकायचे ते कळत नव्हते, त्यांच्या नावाने काव्यशास्त्राला एक अख्खा खण करावा लागला. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १९१३च्या आपल्या ग्रंथात याहून धाडसी मत मांडले: गोकुळातला बाळकृष्ण, गाई, गोपी हा सगळा भाग वासुदेवभक्तीत आला तो आभीरांमुळे. या मताचा काही भाग आता कोणी मानत नाही, विशेषतः ख्रिस्ताच्या बालकथांशी त्यांनी लावलेला संबंध. पण गवळ्यांचा देव आणि गवळ्यांची जमात यांचा विचार एकत्र करायला हवा हे त्यांचे म्हणणे टिकून आहे.

महाराष्ट्रात हे नाव पुन्हा राजाच्या अंगावर दिसते ते हजारएक वर्षांनी, तेराव्या शतकात. देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याने भंभागिरीच्या लक्ष्मीदेव नावाच्या आभीर राजाचा पाडाव केल्याचे अंबाजोगाईचा लेख सांगतो. भंभागिरी म्हणजे साक्री तालुक्यातले भामेर. तिथे आज डोंगर आणि किल्ल्याचे अवशेष आहेत. त्यानंतर दीडएकशे वर्षांनी घडलेली आसा अहिराची गोष्ट इतिहासकार फिरिश्ता सांगतो. आशीरगडावर हा आसा हजारो गुरांचा धनी होता, दुष्काळात लोकांना धान्य देणारा. फारुकी घराण्याच्या नासिरखानाने त्याच्याकडे आसरा मागितला, जनानखाना म्हणून डोल्या पाठवल्या आणि डोल्यांतून शिपाई उतरले. आसा आणि त्याची मुले कापली गेली. गोष्ट किती खरी ते फिरिश्ताच जाणे, डोलीतल्या शिपायांची कथा इतिहासात फार किल्ल्यांवर सांगतात; पण किल्ल्याच्या नावातला ‘आशीर’ तो ‘आसा अहिर’ असे सांगावेसे वाटले याचा अर्थ खानदेशात गुरेढोरे, गडकोट आणि अहिर ही त्रिसूत्री लोकांच्या डोक्यात पक्की होती.

नाशिकच्या आसपास तीच त्रिसूत्री ‘गवळी राजा’ या नावाने फिरते. अंजनेरीची जुनी देवळे गवळी राजाने बांधली असे तिथे सांगतात आणि ब्रिटिश गॅझेटियरमध्येही ते उतरले. प्रत्यक्षात तिथल्या जैन मंदिरातला शके १०६३चा, म्हणजे ११४१-४२चा, लेख सेउणचंद्र यादवाच्या काळातला. ज्या बांधकामाचा कर्ता माहीत नाही ते उत्तर महाराष्ट्रात एक तर हेमाडपंताचे, नाही तर गवळी राजाचे! तरी या दंतकथेला फुकाची म्हणून झटकू नये. आभीर राजवटीची कोणतीही लिखित आठवण गावांत उरलेली नसताना ‘इथे कधीकाळी गवळ्यांचे राज्य होते’ एवढे वाक्य उरले. ईश्वरसेन हे नाव पुसले गेले, धंदा लक्षात राहिला.

१९११ साली देवदत्त भांडारकरांनी हिंदू समाजातल्या परक्या घटकांवरच्या आपल्या गाजलेल्या निबंधात एक साधे निरीक्षण मांडले. पश्चिम भारतात अहिर सोनार आहेत, अहिर सुतार आहेत, अहिर शिंपी आहेत, अहिर ब्राह्मणही आहेत. म्हणजे आभीर हे एका जातीचे नाव नसून एका लोकसमूहाचे होते, आणि तो समूह ज्या ज्या धंद्यात शिरला त्या जातीची ती शाखा झाली. त्यांचा निष्कर्ष, की हे सगळे परदेशातून आलेले, आता जुना झाला. निरीक्षण मात्र नाशिकमध्ये आजही पडताळता येते. अहिर सुवर्णकार आणि अहिर शिंपी समाज इथे आहेत, अहिरराव आणि अहिरे ही आडनावे मतदार यादीच्या पानोपानी आहेत. अहिरे आडनावाची माणसे एका जातीची नाहीत, कित्येक जातींत ते आहे. म्हणून एखाद्या अहिऱ्यांनी ईश्वरसेन आमचा पूर्वज असे म्हटले तर ते खोडता येत नाही आणि सिद्धही करता येत नाही. काही अहिर खानदेशच्या मुलखामुळे अहिर झाले असतील, काही भाषेमुळे. नाव रक्ताने उतरते असे समजून वंशावळी लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

उत्तरेत उलटी गंमत झाली. १९२४ साली अलाहाबादला अखिल भारतीय यादव महासभा स्थापन झाली आणि अहिर, ग्वाल, गोप अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या लोकांनी ‘यादव’ हे नाव घेण्याची चळवळ जोरात चालली. मौसलपर्वात यादवांच्या स्त्रिया लुटणारे म्हणून ज्यांची नोंद होती, त्यांच्या नावाचे वारस यादव झाले. पुराणांचे ऐकायचे तर यात विसंगती आहे. जनगणनेच्या रकान्यात आपल्याला काय म्हणावे हे स्वतः ठरवू पाहणाऱ्या माणसांकडे पाहिले तर ती ईश्वरसेनाचीच चाल आहे, फक्त उलट दिशेने. त्याने हिणवणारे नाव मिरवले, यांनी ते टाकून मानाचे घेतले. पिक्तांच्या बाबतीतही शेवट नाव टाकण्यानेच झाला. ८७८ साली मेलेल्या राजाला आयरिश बखरी पिक्तांचा राजा म्हणतात. ९०० साली मेलेल्याला त्याच बखरी अल्बाचा राजा म्हणतात. मधल्या बावीस वर्षांत लोक कुठे गेले नाहीत, राजाची पदवी तेवढी बदलली. त्यानंतर पिक्त जिवंत माणसांत कोणी उरला नाही.

आभीर उरले ते बोलण्यात. धुळे, जळगाव, नंदुरबार आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातले बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव हे तालुके अहिराणीचे. गिरणा-मोसमच्या काठी ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘माझा’ला ‘मन्हा’ म्हणणारी माणसे सटाण्याहून, मालेगावहून शिक्षणाला आणि नोकरीला नाशिकला येतात, गंगापूर रोडच्या परिसरात खोल्या घेतात आणि घरी फोन लागला की बोली बदलतात. ग्रियर्सनने १९०७च्या आपल्या भाषा सर्वेक्षणाच्या खंडात खानदेशीला मराठीच्या नव्हे, भिल्ली बोलींच्या शेजारी, गुजरातीच्या अंगाने बसवले. त्यावरून पुढे मराठी भाषाशास्त्रज्ञांनी बरेच वाद घातले आणि ते अजून मिटलेले नाहीत. वादात न पडता एवढे तर दिसतेच की अहिराणी बोलणाऱ्यांत कुणबी आहेत, माळी आहेत, तेली, कुंभार, सोनार, ब्राह्मण, बौद्ध, मुसलमान सगळे आहेत. आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण आभीर आहोत असे कधी वाटलेले नाही.